ब्रुअरीच्या पॅनेलमध्ये नुसता एमसीबी बदलून भागत नाही

महोदय,

बॉयलर नसलेल्या छोट्या मायक्रोब्रुअरीत पाणी तापते ते विजेच्या हीटरवर. ५०० लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ वर न्यायला साधारण २९ युनिट वीज लागते. १८ किलोवॅटच्या हीटरला त्यासाठी दीड तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणून मालक ३६ किलोवॅट मागतो. मागणी रास्तच आहे. पण अनेकदा वायरमन ३२ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) काढून ६३ चा लावतो, शेजारी आणखी तीन हीटर जोडतो आणि काम संपले असे सांगतो. एमसीबी असतो तो वायर वाचवायला. आतली ६ स्क्वेअरची (६ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर तशीच राहिली, तर एमसीबी पडणार नाही आणि वायर शिजत राहील.

थ्री फेजवर ३६ किलोवॅटला दर फेजमागे ५० अँपिअर येतात, तेही तासन् तास. त्यासाठी १६ स्क्वेअरची तांब्याची केबल हवी. न्यूट्रल आणि अर्थिंगही त्याच जाडीचे. हीटर स्टारमध्ये (प्रत्येक हीटर एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये) असताना एक जळाला की फेज असमान होतात आणि फरकाचा प्रवाह न्यूट्रलमधून जातो. २४० व्होल्टचे हीटर चुकून डेल्टात (दोन फेजांच्या मध्ये) जोडले, तर प्रत्येकावर ४१५ व्होल्ट येऊन तिप्पट उष्णता होते आणि ते लगेच जळतात.

कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) घेताना त्याचा एसी-१, म्हणजे हीटरसारख्या भारासाठीचा आकडा बघावा, एसी-३ नव्हे. एसी-३ हा मोटारीसाठीचा असतो. सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे सॉलिड स्टेट रिले, म्हणजे थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. ५० अँपिअरला एकेक रिले सुमारे ६० वॅट उष्णता सोडतो, म्हणजे तिघांची मिळून १८० वॅट. बंद पेटीत, मे महिन्यात, पंख्याविना आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या लहान हीटसिंकवर तो टिकत नाही. शिवाय बिघडला की बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. थर्मोस्टॅटने बंद म्हटले तरी हीटर तापतच राहतो. म्हणून रिलेच्या आधी कॉन्टॅक्टर असावा आणि त्याची कॉइल पाण्याच्या पातळीच्या स्विचमधून व इमर्जन्सी बटणातून जावी. कोरडा पडलेला हीटर काही मिनिटांत फुटतो.

आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा, चार पोलचा हवा. बरेच दिवस बंद असलेल्या हीटरच्या आतल्या इन्सुलेशनच्या भुकटीत ओल शिरते आणि आरसीसीबी सारखा पडतो. मग कोणीतरी तो बायपास करतो. ओल्या फरशीवर रबरी नळी घेऊन उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवाशी हा खेळ आहे. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) हीटर एकेक करून तपासावा. एक मेगओहमपेक्षा कमी दाखवला तर वाळवावा, नाहीतर बदलावा.

महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेणे हे या सगळ्याच्या आधीचे काम. मालकांनी आणखी एक लक्षात घ्यावे: वाढीव ताकद जास्त लांबीच्या हीटरमधून घ्यावी. तेवढ्याच पृष्ठभागातून दुप्पट वॅट काढले तर माल्टचा गोड रस त्यावर करपतो आणि बिअरला जळका वास येतो.

काम झाल्यावर पूर्ण भारावर एक तास चालवून प्रत्येक फेजचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजावा. नंतर मेन बंद करून टर्मिनल हाताने नव्हे, टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळावीत. आठवड्याने पुन्हा एकदा.

– एक विद्युत कंत्राटदार, पुणे