पंचवीस ऐकून 52 लिहिणारी मुलगी: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
स. न. वि. वि.

मी नवी मुंबईत तुर्भ्याला तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात 41 मुलं आहेत. घरी मराठी बोलणारी 14, बाकीची कन्नड, तेलुगू, भोजपुरी, गोरबोली, उर्दू बोलणारी.

अशा वर्गात गणित कसं शिकवायचं याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण मिळेल, असं आम्हाला जूनमध्ये सांगितलं होतं. मी वहीत प्रश्न काढून ठेवले. परवा ते प्रशिक्षण एका दुपारीत उरकलं. धोरणातले परिच्छेद वाचून दाखवले, लिंकवर हजेरी घेतली. मी हात वर केला तर "मॅडम, प्रश्न शेवटी." शेवटी सगळे उठून गेले. मी घरी पोहोचायच्या आत प्रमाणपत्र मोबाइलवर आलं होतं.

माझा प्रश्न एका मुलीचा होता. मी 'पंचवीस' म्हटलं की ती 52 लिहिते. तिच्या घरच्या कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', म्हणजे आधी वीस, मग पाच. मराठीत पाच आधी कानावर येतो, तोच ती आधी लिहिते. एकोणतीस तर तिच्यासाठी एक आणि तीस, म्हणून 31. हीच मुलगी संध्याकाळी वडिलांच्या कांद्याच्या गाडीवर 38 रुपयांचा हिशोब करून पन्नासच्या नोटेचे 12 रुपये न चुकता परत देते. चाचणीत ती 'अप्रगत'. तो शेरा माझ्या हाताने लिहिलाय, साहेब. तिच्या आईशी बोलले तेव्हा मला हे कळलं, नोकरीच्या 19व्या वर्षी. त्याआधी अशा किती मुलांना मी 'कच्चं' ठरवलं असेल, या विचाराने रात्री झोप लागत नाही.

2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' छापून आलं, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. 2025 मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून शासन निर्णय निघाले आणि 29 जूनला रद्दही झाले. कोणती भाषा शिकवायची यावर सगळे भांडले. मुलं घरून जी भाषा घेऊन येतात तिचं काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला 50 तास प्रशिक्षण लिहिलंय. ते तास कुठे जातात? आमचे तास मतदार याद्यांत आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातात. वर्गात शिरलं की माहिती मागणारा मेसेज येतो, फळ्यावरचा हातचा तसाच राहतो.

डी.एड.च्या दोन वर्षांत मला अपूर्णांकाचे पाठ घ्यायला लावले. दुसऱ्या भाषेतलं मूल संख्या कशी ऐकतं, यावर एक तास झाला नाही. तो तास ठेवा. प्रशिक्षण सभागृहात नको, आमच्या वर्गात घ्या, मुलं समोर असताना. आणि आसपासच्या भाषांतली 1 ते 100 ची नावं छापून प्रत्येक वर्गाला द्या. माझ्या भिंतीवरचा कन्नड तक्ता त्या मुलीच्या आईने सांगितला आणि मी खडूने लिहिला. पावसात भिंत ओलावली, तो अर्धा पुसला गेलाय.

सोमवारी पुन्हा चाचणी आहे. या वेळी मी तिच्यासमोर 'अप्रगत' लिहिणार नाही. त्याबद्दल नोटीस काढायची असेल तर जरूर काढा.

आपली,
तुर्भ्यातील एक शिक्षिका