'दोन गुंडे लोकर' म्हणजे किती?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पुरवण्यांमध्ये विणकाम-भरतकामाच्या कृती येतात, त्यांत साहित्य म्हणून 'दोन गुंडे लोकर', 'आवडीचे दोरे', 'योग्य सुई' एवढंच छापलेलं असतं. सगळं नवं आणणाऱ्याचं त्यावर भागतं. पण बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुई हातात घेणाऱ्यांकडे अर्धे गुंडे, लेबल हरवलेल्या लड्या आणि अर्ध्यावर सोडलेला एखादा टेबलक्लॉथ असतो. एवढ्यात काय होईल याचा अंदाज येत नाही. मग नवी लोकर येते आणि जुनी परत कपाटात जाते. खरं तर स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोजपट्टी असली की हा अंदाज घरीच काढता येतो.

लेबलवर १०० ग्रॅममध्ये २१० मीटर लिहिलं असेल आणि उरलेला गुंडा ३७ ग्रॅम भरला, तर हाती सुमारे ७८ मीटर लोकर आहे. लेबल नसेल तर थोडी लोकर मोजून तिचं वजन करावं. मात्र १० मीटरवर थांबू नये. ती जेमतेम ५ ग्रॅम भरते आणि काटा एका ग्रॅमने चुकला तरी हिशेब पाचव्या हिश्शाने बिघडतो. ५० मीटर मोजलेले बरे. गुंडा संपत आला असेल तर टाके बंद करण्यासाठी विणीच्या रुंदीच्या चौपट धागा राखून ठेवावा. लागतो साधारण तिप्पट, पण शेवटच्या चार टाक्यांना धागा तोकडा पडला तर अख्खी ओळ उसवावी लागते.

वेगवेगळे उरलेले गुंडे एकत्र वापरताना रंगाआधी जाडी पाहावी. पट्टीवर न ताणता एकाला एक लागून वेढे घ्यावेत आणि अडीच सेंटिमीटरमध्ये किती बसतात ते मोजावं. एका वेढ्याचा फरक चालतो. बारीक लोकर दुपदरी घेतली की जाड लोकरीशी जुळते. खरी लोकर आणि अ‍ॅक्रिलिक मात्र एका वस्तूत घेऊ नये. धुतल्यावर लोकर आटते, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं आणि चौकोन वेडेवाकडे ओढले जातात. ओळखायचं असेल तर पाण्याच्या वाटीवर चिमट्यात धरून छोटा तुकडा जाळावा. लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

गुंडाळताना धागा जागोजागी तुटत असेल तर कसर लागलेली असू शकते. अशी लोकर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर थंड धाग्यावर दव धरतं. उसवलेली कुरळी लोकर तशीच विणायला घेतली तर टाके असमान पडतात. तिची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावी आणि वजन न लटकवता वाळवावी.

भरतकामाच्या दोऱ्याची परीक्षा सोपी आहे. ३० सेंटिमीटर दोरा घेऊन झटका द्यावा, तुटला तर लडी बाद. सहा पदरांच्या ८ मीटरच्या लडीतून ४५ सेंटिमीटरचे दुपदरी दोरे ५० च्या आसपास निघतात. पदर एकेक करून ओढावेत, दोन-दोन एकदम ओढले की गुंता होतो. लाल, गडद निळा आणि काळा दोरा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून रंग जातो का ते आधी पाहावं. लडीची बाहेरची बाजू उजेडाने विटलेली असेल तर एकाच पाकळीत आतला आणि बाहेरचा दोरा भरू नये, पट्टे दिसतात.

अर्धवट कामाला कापड ताणून धरणारी रिंग तशीच लावून ठेवली असेल तर कापडावर तपकिरी वळ उमटतो. डाग निघण्याआधी इस्त्री कधीही फिरवू नये, उष्णतेने डाग पक्का बसतो. दोऱ्यांचा रंग जात नाही याची खात्री झाल्यावर कापड सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात काही तास ठेवावं आणि पाणी पिवळं झालं की बदलावं. गंजाचे डाग साबणाने जात नाहीत. त्यांवर एखादं पान किंवा फूल भरणं उत्तम.

जुनं विणकाम पुढे चालवताना मोठी अडचण असते ती हाताची. वर्षांच्या खंडानंतर हात सैल किंवा घट्ट होतो. पूर्वी १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील आणि आता २० बसत असतील, तर ५० सेंटिमीटरच्या पाठीसाठी धरलेले ११० टाके ५५ सेंटिमीटर होतात. म्हणून नमुन्याचा तुकडा विणून पाहावा आणि गरज पडल्यास एक नंबर बारीक सुई घ्यावी. तीच लोकर पण वेगळ्या रंगणीतला, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला गुंडा जोडायचा असेल, तर दोन ओळी जुन्या आणि दोन ओळी नव्या अशा आठ ओळी कराव्यात, म्हणजे जोड उठून दिसत नाही.

संपादकांना विनंती एवढीच, की यापुढे कृती छापताना लोकर ग्रॅम आणि मीटर दोन्हींत द्यावी, सुईची जाडी मिलिमीटरमध्ये, १० सेंटिमीटरमधले टाके, दोऱ्याचे पदर आणि क्रॉस स्टिच असेल तर इंचाला किती घरांचं कापड तेही द्यावं. साहित्याच्या यादीत यामुळे दोन ओळींचीच भर पडेल.

— विणकाम-भरतकाम करणारे वाचक