आज्जीच्या दुखण्याबद्दल

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "नागिणीचे फोड जाऊन चार महिने झाले, आता आज्जीच्या मनातच दुखत असणार." फोन स्पीकरवर होता. ती काही बोलली नाही, पदर सावरून आत गेली.

खरं सांगते, पहिल्या महिन्यात मलाही तसंच वाटलं होतं. त्याची आता लाज वाटते. डाव्या बरगडीवर तिला फक्त मऊ जुनेर सोसतं. पंख्याचा वारा लागला तरी कळवळते. "तिखट चोळल्यागत होतंय गं," म्हणते. किती नेमकं बोलते बघ! मिरचीतलं कॅप्सेसिन आणि चटका, दोन्ही मज्जातंतूवरचं एकच दार उघडतात. त्याचं नाव टीआरपीव्ही-1. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने ते 1997 मध्ये शोधलं, 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तांबडा रस्सा भुरकताना तुझ्या जिभेवर तेच उघडतं.

लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू इतकी वर्षं तिच्या मणक्यालगतच्या चेतापेशींत दडून होता. तो उठला आणि नसच दुखावून गेला. फोड सुकले; पण दुखावलेल्या नसेच्या पेशी आपली जनुकं निराळी वाचू लागतात. अक्षरं तीच, पण डीएनएवर रासायनिक खुणा बसतात आणि पेशीला शांत ठेवणाऱ्या पोटॅशियम चॅनेलची, म्हणजे पोटॅशियमच्या दारांची, जनुकं मिटतात. उलट पेशीला चेतवणाऱ्या कॅल्शियम चॅनेलचा अल्फा-2-डेल्टा हा भाग जास्त तयार होतो. पुढे मेरुरज्जूत मायक्रोग्लिया या रक्षक पेशी बीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात, चेतापेशीतलं क्लोराइड बाहेर काढणारा केसीसी-2 हा पंप कमी पडतो, आत क्लोराइड साठतं आणि पेशीला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा लगाम सैल होतो. मग साधा स्पर्शही वेदना होऊन मेंदूत पोचतो. यातलं बरंचसं उंदरांवरच्या अभ्यासातून कळलंय. शाळेत इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण हे मला आज्जीच्या पदराकडे बघून समजलं.

प्रेगाबालिनची गोळी त्या अल्फा-2-डेल्टालाच चिकटते. तिने रात्री चार तास झोप लागते, पण गरगरतं. न्हाणीपर्यंत भिंत धरून जाते.

रविवारी फोन कर. तिलाच दे म्हण, आणि आज कुठे दुखतंय ते विचार. सांगेल तेवढं ऐक, मध्ये बोलू नकोस. दिवाळीला आलास की पाया पडून उजव्या बाजूनेच जवळ घे.

तुझी,
आई