बोले रोडचे बोले

दादर, मुंबई
रविवार दुपार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

काल फोनवरचं अर्धं बोलणं तुमच्या गावच्या रेंजने खाल्लं आणि उरलेलं बाबांच्या डाव्या कानाने. म्हणून लिहूनच पाठवते. आई, तू वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

खोली रिकामी करायची म्हणून पोटमाळा उपसला. बाबांची ती सुतळीने बांधलेली फाइल सापडली, चाळीच्या नळाच्या पत्रव्यवहाराची. माझ्या जन्माच्या आधीची. कार्बन कॉपी इतक्या फिकट झाल्यात की खिडकीशी धरून वाचाव्या लागतात. आधी अर्ज, मग स्मरणपत्र क्र. १, क्र. २, असं करत सातपर्यंत. प्रत्येकाच्या वर उजव्या कोपऱ्यात तोच पत्ता: आगर बाजार, बोले रोड. सातव्यांदा वाचताना डोक्यात आलं, हे बोले कोण? लहानपणी विचारलं की बाबा म्हणायचे, "बोले तैसा चाले, त्यातले बोले," आणि आम्ही ते खरं धरून चालायचो.

बाबा, ते तुमच्याच पंथातले निघाले. स्मरणपत्रवाले.

रावबहादूर सीताराम केशव बोले. भंडारी समाजाचे पुढारी, १९०९ साली गिरणी कामगारांसाठी कामगार हितवर्धक सभा काढणारे, पुढे मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद. गेले चार शनिवार त्यांच्यामागे घालवले. एका ग्रंथालयात "बोले" म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मी काय बोलू, तुम्ही बोला." माणूस सापडतो तो दुसऱ्यांच्या चरित्रांत, एखाद्या ओळीपुरता. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, त्यांचा सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना दिलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते. ती ओळ मी आजवर किती वेळा वाचली असेन, नाव कधी डोळ्यात भरलं नाही.

पण खरी गोष्ट १९२३ ची. ४ ऑगस्टला कौन्सिलने त्यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शिवाय सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने, हे सगळं अस्पृश्य मानलेल्यांना वापरू द्यावं. भाषा अगदी कोरडी, तुमच्या 'विषय' आणि 'संदर्भ'सारखी. सप्टेंबरमध्ये सरकारने खात्यांना तसे हुकूमही काढले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं आणि तळ्यावर काहीच झालं नाही. अस्पृश्यांना तिथे पाणी घेण्याची सोय नव्हतीच.

एवढ्यावर एखादा हारतुरे घेऊन घरी गेला असता. बोले ऑगस्ट १९२६ मध्ये पुन्हा उभे राहिले. या वेळचा ठराव असा, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव पाळणार नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. बाबा, तुमच्या सहाव्या स्मरणपत्रात "अन्यथा चाळकरी घरपट्टी भरणार नाहीत" ही ओळ आहे ना, लाल शाईने कॉपीवरसुद्धा अधोरेखित केलेली? तेच. मला विचाराल तर पहिल्यापेक्षा हा दुसरा ठराव भारी. पहिला कोणीही भला माणूस मांडेल. दुसरा मांडायला नगरपालिका कशा चालतात ते आतून ठाऊक असावं लागतं.

तरी अनुदानाच्या धाकानेही तळं मोकळं झालं नाहीच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा ठरावातलं पाणी पहिल्यांदा कोणाच्या घशाखाली उतरलं. परतताना लोकांनी मार खाल्ला. त्याच ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द करून टाकला. मग कोर्टकज्जा, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली. आपल्याला मार्च १९२७ आठवतो आणि तेच बरोबर आहे. डोकी त्या लोकांची फुटली, कौन्सिलातल्या कोणाची नाही. पण ती माणसं तळ्यावर गेली तेव्हा त्यांच्याजवळ हक्काचा कागद होता, आणि तो मिळवून देणारा माणूस आपल्या पत्त्यात राहत होता, एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं होतं.

काल संध्याकाळी मुद्दाम पोर्तुगीज चर्चपासून सिद्धिविनायकापर्यंत चालत गेले. एका पाटीखाली फूलवाल्याने जास्वंदीची पिशवी अडकवली होती. बोले झाकले गेले होते, 'मार्ग' तेवढा दिसत होता. त्याला सांगितलं, तर त्याने पिशवी काढली नाही, हार मात्र दहा रुपयांनी कमी केला.

फाइल रद्दीत दिलेली नाही, काळजी नको. नव्या सुतळीने बांधून ठेवली आहे. फक्त एक अडलंय. सातव्या स्मरणपत्रानंतर फाइलीत काहीच नाही. उत्तर नाही, पोच नाही. मग पाणी आलं होतं का? बाबांना विचारलं तर ते म्हणणार, आलं, आणि सातव्यामुळेच आलं. म्हणून आई, तुला विचारते. हंडे तूच भरायचीस.

तुमची,
माई