शिळावर्तुळांपाशी इतिहास शिकवा
महोदय,

शेती आली आणि पाठोपाठ नगरे उभी राहिली, असा समज शालेय वयापासूनच रुजतो. प्रत्यक्षात बलुचिस्तानातील मेहरगढ येथे इ.स.पू. ७०००च्या सुमारास पिकू लागलेले जव आणि इ.स.पू. २६००च्या सुमारास बहरलेली हडप्पा संस्कृतीची नगरे यांत चार हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तुर्कस्तानातील गोबेक्ली टेपे येथे तर, शेती रुजण्यापूर्वीच, शिकारी माणसांनी कोल्हे आणि साप कोरलेले प्रचंड दगडी खांब उभारले होते. हा संथ, गुंतागुंतीचा प्रवास नुसता पाठ का करून घ्यावा? नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगीन शिळावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती गोलाकार मांडलेले मोठे दगड, आहेत, दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगेही दिसतात. शाळांच्या सहली तेथे न्याव्यात आणि शासनाने त्या स्थळी सविस्तर मराठी माहितीफलक लावावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर