गावकुसाबाहेरचे चर्च

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील स्लोव्हाकियाच्या लाकडी चर्चवरचा लेख आवडला. पण ‘खिळ्याविना उभी वास्तू’ एवढ्याच कौतुकावर तो थांबला, हे खटकले. तिथल्या ह्रोन्सेक गावचे प्रोटेस्टंट चर्च लाकडाचे का, हे सांगायला हवे होते. तेव्हा हा भाग कॅथलिक हॅब्सबर्ग राजघराण्याच्या सत्तेखालील हंगेरीत होता. तिथे 1681 च्या शोप्रोन संसदेने लुथरन (मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) लोकांना मोजक्याच ठिकाणी प्रार्थनागृहाची मुभा दिली, तीही अटींवर: बांधकाम लाकडाचे, गावकुसाबाहेर आणि मनोरा नाही. (‘गावकुसाबाहेर’ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.) म्हणजे ही कारागिरी हौसेची नव्हे, नाइलाजाची. तरीही 1725-26 मध्ये गावकऱ्यांनी सुमारे 1100 जण बसतील असे चर्च उभारले. आत बाके प्रेक्षागृहासारखी चढत्या पायऱ्यांवर, आणि बाहेर पडायला पाच दारे. घंटाघर आहे, पण वेगळे, शेजारी.

केझमारोक आणि लेश्तिनीची अशीच चर्च 2008 मध्ये ह्रोन्सेकसह युनेस्कोच्या यादीत आली. केझमारोकच्या भिंतींना बाहेरून गिलावा असल्याने ते लाकडी वाटतच नाही. त्याचे आतले छायाचित्र छापावे, ही विनंती.

– एक वाचक