इप्सिलँटीच्या काकांना, तिसरा गिअर परत मिळाल्याबद्दल

काका, साष्टांग नमस्कार.

तुमच्यासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, गाडी कशी चालतीय ते सांग" म्हणता आणि काकींना चहा टाकायला सांगता, विषय तिथेच संपतो. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता मध्येच थांबवता यायचं नाही तुम्हाला.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगतो. माझ्याकडे 1985 ची शेव्हरोले सी-10 आहे. आपल्याकडे ट्रक म्हटलं की दहा चाकी डोळ्यासमोर येतो, इथे मिशिगनमध्ये ट्रक म्हणजे ही मागे उघडा हौदा असलेली पिकअप, 305 चं व्ही-8 इंजिन आणि ती 73 ते 87 पर्यंत चाललेली चौकोनी बॉडी, जिला सगळे स्क्वेअरबॉडी म्हणतात. आमच्या गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे शेडमध्ये उभी होती, 2021 मध्ये घेतली. लहानपणी सांगलीत मामाच्या वर्कशॉपमध्ये सुट्टी घालवलेला माणूस आहे मी, त्यामुळे जुनी गाडी बघितली की हात शिवशिवतात, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आयुष्यात कधी खोललेला नव्हता.

गिअरबॉक्स म्हणजे जीएमचा (जनरल मोटर्सचा, शेव्हरोले त्यांचीच) 700आर4. 82 साली आला, चार गिअर, त्यांचे रेशो पहिला 3.06, दुसरा 1.63, तिसरा सरळ 1, आणि चौथा ओव्हरड्राइव्ह 0.70. त्याच्या आधीच्या तीन गिअरवाल्या टर्बो 350 चा पहिला 2.52 होता, म्हणजे याच्यात उचल जास्त आणि हायवेला इंजिन शांत, दोन्ही मिळतं. माझ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचा रेशो 3.73 आहे, ताशी 70 मैलांनी जाताना तिसऱ्यात इंजिन 3000 आरपीएमच्या आसपास ओरडतं आणि चौथा पडला की 2100 वर येतं. तो चौथा पडतानाचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला कळेल मी या गाडीत का अडकलो ते.

तर 2022 च्या उन्हाळ्यात दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं भणभणायला लागलं, गाडी पुढे ओढेचना. एका दुकानात टाकली, त्यांनी पूर्ण रिबिल्ड करून दिला, दोन हजार डॉलरला थोडे कमी घेतले, आणि 1100 मैलांत परत तेच. परत गेलो तर म्हणाले जुनी गाडी आहे, हे बॉक्स असेच असतात. खरं सांगतो त्या दिवशी गाडी विकायला काढली होती मी, फोटोसुद्धा काढले होते.

आणि मग त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी, 2023 च्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत तुम्ही माझ्या मागे होतात. मी बायकोला सांगत होतो की तिसरा गिअर परत गेला, आणि मागून आवाज आला, "टीव्ही केबल कुणी बघितली का?" मला वाटलं टीव्हीच्या केबलबद्दल कुणीतरी बोलतंय. मागे वळून बघितलं तर हातात पत्रावळ धरलेले तुम्ही.

काका, नंतर कळलं की तुम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात पोरवयात लेथवर काम केलेलं, 79 ला इकडे आलात आणि इप्सिलँटीजवळच्या विलो रनला हायड्रामॅटिकच्या, म्हणजे जीएमच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या प्लांटमध्ये लागलात ते थेट 2010 ला प्लांट बंद होईपर्यंत. विलो रनचं नाव मी फक्त दुसऱ्या महायुद्धातल्या बी-24 बॉम्बर विमानांसाठी ऐकलं होतं, फोर्डने बांधलेला तो कारखाना, 8685 विमानं तिथून बाहेर पडली. तुम्ही सांगितलंत की 53 च्या ऑगस्टमध्ये लिव्होनियाचा हायड्रामॅटिक प्लांट आगीत गेला आणि जीएमने काही आठवड्यांत तिथून उचलून विलो रनला काम सुरू केलं. ज्या माणसाने त्या छताखाली तीस वर्षं काढली तो माणूस माझ्या गॅरेजमध्ये घोंगडं टाकून गाडीखाली झोपणार आहे हे मला रांगेत माहीत नव्हतं.

पहिल्या शनिवारी आलात तेव्हा मी जॅक, पाने सगळं काढून तयार होतो. तुम्ही कशालाच हात लावला नाहीत. बॉनेट उघडायला लावलंत, माझ्या मुलीला सीटवर बसवून ॲक्सिलेटर पूर्ण दाबायला सांगितलंत, आणि टॉर्च घेऊन कार्बोरेटरपाशी वाकलात. दोन मिनिटं काही बोलला नाहीत. मग मला म्हणालात, "इकडं ये, ही पिन बघ."

जुन्या मालकाने मूळचा क्वाड्राजेट काढून बाजारातला दुसरा कार्बोरेटर बसवलेला, आणि केबल त्याच्या आर्मवर मिळेल त्या भोकात अडकवलेली. पॅडल पूर्ण दाबलं तरी केबल जेवढी ओढली जायला पाहिजे तेवढी जातच नव्हती. मी आजवर समजत होतो की ती केबल फक्त ओव्हरटेक करताना गिअर खाली पाडायला असते. तुम्ही बोनेटवर बोटाने धुळीत रेघा ओढून समजावलंत, की टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह, पाय किती दाबलाय त्यावर आत ऑईलचं प्रेशर किती चढवायचं हे ती केबल ठरवते. पाय दाबलाय, इंजिनचा जोर आलाय, आणि प्रेशर वाढलंच नाही तर क्लच प्लेटा घट्ट धरत नाहीत, घसरतात, घसरल्या की जळतात. सगळ्यात आधी जातो तो तिसऱ्या-चौथ्या गिअरचा, म्हणजे तीन-चारचा क्लच. म्हणजे दुकानवाल्यांनी नवा क्लच घातला आणि ज्याने जुना जाळला ते जसंच्या तसं ठेवलं. "रोग ठेवला आणि फोड कापला," असं म्हणालात तुम्ही. हे वाक्य मी आता ऑफिसात पण वापरतो.

नोव्हेंबरात बॉक्स खाली उतरवला. 16 बोल्ट काढून पॅन खाली घेतलं तेव्हा ऑईल लाल नव्हतं, करपलेल्या फोडणीसारखा वास, तुम्ही बोटांत चोळून मला नाकाशी धरायला लावलंत. पुढे इनपुट ड्रम खोलला, तीन-चारच्या प्लेटा काळ्या कोळसा, मधल्या स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. ते अपेक्षितच होतं. पण तुम्ही थांबला नाहीत, सन शेल, म्हणजे आतल्या सन गिअरला फिरवणारा वाटीसारखा भाग, हातात घेतलंत, मानेपाशी टॉर्च लावून हळूहळू फिरवत राहिलात आणि एका जागी थांबलात. केसाएवढी चीर. मला दोनदा बघूनही दिसली नाही, तिसऱ्यांदा नखाने लागली. ते शेल तुटलं असतं तर दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम गेले असते, म्हणजे नवा क्लच घालून मी खूश होऊन निघालो असतो आणि कुठेतरी पार्किंगमध्ये रिव्हर्स पडला नसता. तेव्हाच ठरलं की नुसतं दुरुस्त नाही करायचं, जिथे जिथे हा बॉक्स मार खातो तिथे तिथे चांगला माल घालायचा.

मग हार्डन केलेलं सन शेल, 29 एलिमेंटचा इनपुट स्प्रॅग (एकाच दिशेने फिरू देणारा क्लच), पंपाचा मजबूत रोटर आणि रिंगा, व्हॉल्व्ह बॉडीसाठी (ऑईल कुठे पाठवायचं ते ठरवणारा भाग) शिफ्ट किट, तीन-चारला जास्त प्लेटांचा सेट, आणि तो कॉर्व्हेटचा सर्वो, मोठ्या पिस्टनचा, ज्याने बँड (ड्रमभोवतीचा पट्टा) घट्ट धरतो आणि दुसरा गिअर लोंबकळत नाही. मी अजून महागाच्या दोनतीन वस्तू यादीत घातल्या होत्या, त्या तुम्ही पेनाने खोडल्यात, म्हणालात 305 आहे, रेसची गाडी नाही, उगाच पैसे घालू नको, त्यापेक्षा बाहेरचा मोठा ऑईल कूलर घे. तो घेतला. या बॉक्सचा खरा शत्रू गरमी आहे हे मी तुमच्याकडून शिकलो आणि ज्यांच्याकडे जुनी ऑटोमॅटिक आहे आणि मागे ट्रेलर ओढतात त्यांनी दुसरं काही नाही केलं तरी कूलर घालाच.

जानेवारी-फेब्रुवारीचे ते शनिवार मी विसरणार नाही. बाहेर उणे 12, गॅरेजमध्ये प्रोपेनचा हीटर, काकींनी डब्यात दिलेली थालीपीठं हीटरवर गरम करायची आणि टेबलावर जुनी चादर टाकून त्यावर सगळे पार्ट खोलले त्या क्रमाने मांडलेले. टेफ्लॉनच्या रिंगा बसवायचं हत्यार माझ्याकडे नव्हतं तर तुम्ही रिंगा कोमट पाण्यात ठेवल्यात, कोकच्या कॅनची पट्टी कापलीत, वरून होज क्लॅम्प आवळलात आणि जेवण होईपर्यंत तसंच ठेवायला सांगितलंत. व्हॉल्व्ह बॉडीच्या छोट्या गोळ्या व्हॅसलीनने जागच्या जागी चिकटवायच्या, ग्रीसने नाही, कारण व्हॅसलीन ऑईलमध्ये विरघळून जातं. पंपाचे दोन अर्धे एकमेकांवर बरोबर बसावेत म्हणून दोन मोठे होज क्लॅम्प जोडून भोवती आवळले. या गोष्टी तुमच्याकडून हातात आल्या.

आणि ती 70 थाऊची गोष्ट (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तीन-चारचा क्लच भरून झाला, मी फीलर गेज लावला, गॅप 70 थाऊ. तुम्ही सांगितलेलं 30 ते 50 च्या मध्ये पाहिजे. संध्याकाळचे सात वाजलेले, मी दमलो होतो, म्हणलं काका एवढ्याने काय होतंय. तुम्ही रागावला नाहीत. फक्त विचारलंत, "त्या दुकानात पण कुणीतरी संध्याकाळी सातला असंच म्हणलं असंल का?" सर्क्लिप काढली, परत सगळं बाहेर, जाड बॅकिंग प्लेट मागवली, पुढच्या शनिवारी 40 थाऊवर आणलं. मग कॉम्प्रेसरची हवा भोकातून सोडायला लावलीत आणि आतून तो एक जाडसर "थप्" आला, क्लच धरल्याचा, फुसफुस नाही, गळती नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मान डोलावलीत तेव्हा मला दहावीच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला होता.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा ऑईलने भरलेला भाग) बसवताना पण मी घाई करणार होतो. तुम्ही माझा हात धरून त्यावर ठेवलात आणि म्हणालात फिरव, टक वाजंल तेवढ्यांदा मोज. एक टक, दोन टक, मग बराच वेळ काही नाही, तुम्ही म्हणालात अजून एक आहे, आणि खरंच तिसरा टक आला आणि कन्व्हर्टर बोटभर आत सरकला. तो तिसरा राहिला असता आणि बोल्ट आवळले असते तर नवाकोरा पंप पहिल्या स्टार्टला फुटला असता.

मार्चमध्ये गाडी खाली आली. केबलसाठी योग्य ब्रॅकेट घातलं, पिनची जागा दुरुस्त केली, बटण दाबून स्लायडर मागे घेतला आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तो कटकट करत स्वतःच जागेवर आला. तुम्ही तरी ऐकायला तयार नव्हतात, बाजूच्या पोर्टला तुमचा जुना प्रेशर गेज लावलात. आयडलला 65 पीएसआय, मी हाताने केबल पूर्ण ओढली तसा काटा चढत चढत 190 च्या पुढे गेला. दोन वर्षं मी ज्याच्या मागे पैसे आणि झोप घालवली ते सगळं त्या काट्यात होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "हां, आता हिच्यात जीव आला."

यूएस-12 ने सलीनवरून क्लिंटनपर्यंत जाऊन आलो तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात, रेडिओ बंद करायला लावलात. पहिला-दुसरा कडक पडला, दुसरा-तिसरा, ज्याच्यासाठी मी दोन वर्षं श्वास रोखून गाडी चालवली तो कधी पडला ते कळलंच नाही, फक्त पाठ सीटला टेकली. येताना आय-94 ला चढलो आणि चौथा पडला, इंजिन एकदम गप्प झालं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी बघितलं तुमच्याकडे, पण काही बोललो नाही.

काका, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. पेट्रोलचे पण नाही. मी पाकीट दिलं ते काकींनी परत माझ्या मुलीच्या हातात दिलं. सोळा शनिवार होतात ते, मी कॅलेंडरवर मोजले. तुमचा गुडघा दुखतो हे मला फेब्रुवारीत काकींकडून कळलं, तुम्ही कधी बोलला नाहीत, थंड फरशीवर बसत राहिलात. मनात आणलं असतं तर सगळं काम तुम्ही स्वतः चार दिवसांत उरकलं असतं, त्याच्याऐवजी प्रत्येक बोल्ट माझ्याकडून फिरवून घेतलात. माझी मुलगी आता प्लेटा ओळखते, कोणती फ्रिक्शन आणि कोणती स्टील, तिला विचारा.

आज मीटरवर रिबिल्डनंतरचे 2300 मैल झाले. काल पॅन काढून बघितलं, मॅग्नेटवर थोडी राखाडी पेस्ट आहे, तुम्ही म्हणाला होतात तेवढीच, चकचकीत कण एकही नाही, ऑईल चेरीसारखं लाल. फोटो पाठवलाय, पण तुम्ही फोटोवर विश्वास ठेवणार नाही हे माहीत आहे, म्हणून थोडं ऑईल बाटलीत काढून ठेवलंय. तुमचा प्रेशर गेज पण माझ्याकडेच राहिलाय. रविवारी सकाळी दोन्ही घेऊन येतो, सी-10 मधूनच येतो. काकींना सांगा यावेळी थालीपीठाचं पीठ माझ्या आईने सांगलीहून पाठवलेलं आणतोय.

तुमचा,
लाल सी-10 वाला